कुंडलिकेत वाहणारी मुळा

डिसेंबरातली सकाळ. कोलाडच्या वरच्या अंगाला कुंडलिकेच्या काठावर आम्ही पंचवीस-तीस माणसं बसून होतो. अंगात केशरी जॅकेट, डोक्याला हेल्मेट, हातात वल्हं. समोर नदी होती, पण पाणी नव्हतं. म्हणजे होतं, खडकांच्या मधून एखादा ओहोळ जावा तेवढं. राफ्ट काठावर आडव्या पडलेल्या. भाच्याच्या ऑफिसची सहल होती आणि मी त्यातला आगंतुक. शेवटी न राहवून मी राफ्टवरच्या पोराला विचारलं, “का रे बाबा, कधी सुरू करायचं?” तो म्हणाला, “थांबा काका, पानी अजून सुटला नाय.”

थोड्या वेळाने खालचे दगड भिजायला लागले. मग ते दिसेनासे झाले. आभाळात ढगाचा एक ठिपका नव्हता आणि आमच्या डोळ्यांसमोर नदीला पूर येत होता. अर्ध्या-पाऊण तासात तो ओहोळ गरजत वाहणारी नदी झाला. आम्ही राफ्टमध्ये बसलो, ओरडलो, भिजलो, मजा केली. खोटं कशाला बोलू, मलाही मजा आली. परतताना बसमध्ये कुणीतरी मोबाइलवर जाहिरातीतला मजकूर मोठ्याने वाचला. सह्याद्रीच्या कुशीतली अल्लड, अवखळ, रानटी नदी, वगैरे वगैरे. सगळ्यांनी माना डोलावल्या. मी मात्र अडकलो. वेळापत्रकाप्रमाणे वाहणारी नदी रानटी कशी?

मी आयुष्यभर शाळेत भूगोल शिकवला. फळ्यावर सह्याद्रीची उभी रेघ काढायची. रेघेच्या डावीकडे छोटे छोटे बाण, म्हणजे कोकणातल्या नद्या. उजवीकडे लांब बाण, म्हणजे गोदावरी, भीमा, कृष्णा. कोकणातल्या नद्या आखूड, वेगवान, पावसाळ्यात दुथडी, उन्हाळ्यात कोरड्या. देशावरच्या लांब, संथ, बंगालच्या उपसागराला मिळणाऱ्या. हे मी किती वर्गांना सांगितलं असेल याची मोजदाद नाही. त्या सकाळी कुंडलिकेच्या काठावर मला कळलं की आपण शिकवलेला नकाशा निदान एका नदीपुरता शंभर वर्षं जुना आहे. आणि हा नकाशा जुनाच ठेवण्यात काही लोकांची सोय आहे. हा लेख त्या सोयीविरुद्ध आहे.

पाणी येतं कुठून?

आधी सरळ भूगोल. कुंडलिका ही रायगड जिल्ह्यातली नदी. ताम्हिणीच्या परिसरात, भिऱ्याच्या वर, सह्याद्रीच्या कड्यांतून तिचे ओढे उतरतात. अंधारबनाच्या रानातून ट्रेक करत भिऱ्याला उतरणाऱ्यांनी तिची दरी वरून पाहिलेली असते. देवकुंडचा धबधबा याच अंगाला. पुढे ती कोलाड, रोहा करत पश्चिमेला जाते आणि रेवदंडा-कोर्लईपाशी अरबी समुद्राला मिळते. एका खिंडीपासून एका खाडीपर्यंतची, छोटी नदी.

अशा नदीचा स्वभाव ठरलेला असतो. ताम्हिणीच्या पट्ट्यात राज्यातला सर्वाधिक म्हणावा असा पाऊस पडतो, पण तो चार महिन्यांत. बसाल्टचा कडा उभा, माती पातळ, उतार तीव्र. पडलेलं पाणी थांबत नाही. जुलैमध्ये दगड लोटणारी नदी डिसेंबरात डोहांपुरती उरते आणि एप्रिलमध्ये रांजणखळग्यांत साठलेलं पाणी तेवढं दिसतं. धरण नसलेल्या कोकणातल्या कुठल्याही नदीकडे मार्चमध्ये जाऊन पाहा. शेजारच्या गोव्यात सत्तरी तालुक्यात म्हादईवर राफ्टिंग चालतं, ते फक्त पावसाळ्यात. कारण तिथे पाणी आभाळातून येतं आणि आभाळाचा हंगाम संपला की खेळही संपतो. कुंडलिकेवर मात्र राफ्टिंग जवळजवळ बारमाही चालतं. असं का, हा साधा प्रश्न सहलीला येणारा कुणी विचारत नाही.

उत्तर कड्याच्या पलीकडे आहे. पुणे जिल्ह्यात, मुळा आणि निळा या नद्यांच्या संगमाजवळ, मुळशीचं धरण आहे. टाटा पॉवर कंपनीने बांधलेलं. त्याचा जलाशय कड्याच्या अगदी जवळ येतो. मुळा ही पूर्वेकडे जाणारी नदी. ती पौडवरून पुण्यात येते, संगमावर मुठेला भेटते, मुळा-मुठा होऊन रांजणगाव सांडसला भीमेला मिळते. पुढे उजनी, पुढे पंढरपूर. म्हणजे मुळशीत पडलेला पावसाचा थेंब, त्याला त्याच्या वाटेने जाऊ दिलं तर, चंद्रभागेच्या वाळवंटापाशी पोचतो.

त्याला त्याच्या वाटेने जाऊ दिलं जात नाही. जलाशयाच्या पश्चिम अंगाला कड्यातून पाणी घेतलं जातं आणि नळांतून सुमारे ५०० मीटर खाली भिऱ्याच्या वीजघरात सोडलं जातं. १९२७ पासून हे चालू आहे. भिऱ्याची जुनी सहा जनित्रं मिळून १५० मेगावॉट आणि नव्वदच्या दशकात आलेला पाणी पुन्हा वर उपसणारा संच आणखी १५० मेगावॉट. तिथून बाहेर पडलेलं पाणीही फुकट जाऊ देत नाहीत. रवाळजे इथे सरकारी कंपनीचं ८० मेगावॉटचं वीजघर त्याच पाण्यावर पुन्हा वीज बनवतं. आणि मग ते पाणी कुंडलिकेच्या पात्रात येतं, जिथे आम्ही केशरी जॅकेटं घालून त्याची वाट पाहत बसलो होतो.

म्हणजे त्या डिसेंबरच्या सकाळी आम्ही ज्या पाण्यावर नाचलो ते कुंडलिकेचं नव्हतंच. ती मुळा होती. बंगालच्या उपसागराकडे निघालेली नदी कड्यावरून ढकलून अरबी समुद्राकडे वळवलेली. कुंडलिकेने तिला फक्त पात्र दिलं होतं. खडक, पायऱ्या, वळणं ही कुंडलिकेची. बसाल्टच्या थरांनी केलेले उतार आणि ओढ्यांनी आणून टाकलेले धोंडे यांच्यामुळे पाणी फुटतं, उसळतं आणि दुसऱ्या-तिसऱ्या दर्जाच्या लाटा तयार होतात. जाहिराती तिला दक्षिणेतली सर्वांत वेगवान नदी म्हणतात. नदीचा वेग हा काही तिच्या अंगचा गुण नसतो. तो उतारावर आणि पाण्यावर ठरतो. इथे उतार निसर्गाचा आहे आणि पाणी मुंबईत विजेची मागणी कधी वाढते त्यावर ठरतं.

त्यात काय बिघडलं?

हा प्रश्न मला भाच्यानेच विचारला. “मामा, पाणी कुठलंही असो. कुणाचं काय बिघडलं? वीज तयार झाली, मग राफ्टिंग झालं, पोरांना रोजगार मिळाला. उलट एका पाण्यात तीन कामं झाली.”

त्याचं अर्धं म्हणणं मला मान्य आहे. राफ्टिंग पाणी पीत नाही. जेवढं वरून आलं तेवढंच खाली जातं. कोलाडच्या आसपासच्या गावांतल्या पोरांना त्यातून काम मिळालं. मुंबईला किंवा एमआयडीसीत न जाता गावात राहून कमावता येतं, ही लहान गोष्ट नाही. त्या पोरांना नदी आमच्यापेक्षा जास्त कळते. कुठल्या खडकाला किती पाण्यात कसं टाळायचं हे त्यांना पाठ आहे. म्हणून आधीच सांगतो, माझं भांडण राफ्टिंगशी नाही. राफ्टिंगसोबत विकल्या जाणाऱ्या भूगोलाशी आहे. नदी ‘नैसर्गिक’ म्हटली की तिच्याबद्दलचे सगळे प्रश्न संपतात. निसर्गाला कोण जाब विचारणार? पण नदी ‘सोडलेली’ आहे म्हटलं की प्रश्न सुरू होतात. कोणी सोडली? कोणाची होती? कोणाला विचारून? सोडणं थांबलं तर काय?

पहिल्या प्रश्नापासून सुरुवात करू.

मुळशीची माणसं

मुळशीचं खोरं आंबेमोहराचं. त्या भाताच्या वासासाठी आजही पुण्यात माणसं चार पैसे जास्त मोजतात. १९१९ साली टाटा पॉवर कंपनी स्थापन झाली आणि मुंबईच्या गिरण्यांना व शहराला वीज पुरवण्यासाठी या खोऱ्यात धरण बांधायचं ठरलं. पन्नासहून अधिक गावांच्या जमिनींवर गदा येणार होती. सरकारने भूसंपादनाचा कायदा एका खासगी कंपनीसाठी वापरला आणि त्याला सार्वजनिक हित म्हटलं. १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीला, मुळशीच्या मावळ्यांनी सत्याग्रह सुरू केला. पुढे पांडुरंग महादेव बापट या लढ्यात उतरले आणि तिथूनच ते सेनापती झाले. विनायकराव भुस्कुटे त्यांच्या बरोबरीने होते. बायाबापड्या तुरुंगात गेल्या. लढा १९२४ पर्यंत चालला आणि हरला.

राजेंद्र व्होरा यांनी या लढ्याचा सविस्तर अभ्यास केला. त्यांच्या इंग्रजी पुस्तकाच्या नावातच या लढ्याला जगातलं पहिलं धरणविरोधी आंदोलन म्हटलं आहे. नर्मदेच्या सहा दशकं आधी, आपल्या सह्याद्रीत. २०२१ मध्ये त्याची शताब्दी होती. ती कोविडच्या गदारोळात येऊन गेली, आणि कोविड नसता तरी फार काही झालं असतं असं मला वाटत नाही. ज्या समाजाला तानाजीच्या घोरपडीची गोष्ट पाठ असते, त्याला मुळशीच्या शेतकऱ्यांची गोष्ट माहीत नसते. मलाही ती निवृत्तीनंतर वाचायला मिळाली. तोवर मी मुळशी म्हटलं की मुलांना ‘टाटांचे धरण, जलविद्युत’ एवढंच सांगत होतो. परीक्षेत एका गुणाला तेवढं पुरत असे.

हरलेल्या लढ्याचं पाणी आजही वाहतंय. हे मी अलंकार म्हणून लिहीत नाही. भिऱ्याच्या नळांतून जे पाणी उतरतं, ते त्या भातखाचरांवर साठलेलं पाणी आहे. धरणामुळे विस्थापित झालेल्यांच्या चौथ्या-पाचव्या पिढीतली माणसं आजही जलाशयाच्या काठाने राहतात, आणि घराखालची जमीन कंपनीच्या नावावर असल्याच्या तक्रारी मांडतात. धरण उशाशी आणि कोरड घशाशी, ही म्हण तर मराठीत अशा ठिकाणीच रुजते. त्यांच्या पाण्याला कोलाडला तिकीट आहे. त्यांची गोष्ट मात्र तिकिटात नाही. ज्या काठावर आम्ही बसलो होतो, तिथे एखादा साधा फलक असता की ‘तुम्ही ज्या पाण्याची वाट बघताय ते मुळशीतून येतंय’, तर काय बिघडलं असतं? मजा कमी झाली असती का? मला तर वाटतं, वाढली असती.

‘वाया जाणारं पाणी’

दुसरा प्रश्न अधिक कठीण आहे, कारण तिथे आपल्यातलेच दोन पक्ष समोरासमोर येतात.

भीमा खोऱ्यातून टाटांच्या धरणांमार्फत पश्चिमेला वळणारं पाणी थोडंथोडकं नाही. कृष्णा खोऱ्याच्या पाणीवाटपासाठी नेमलेल्या बच्छावत लवादाने १९७० च्या दशकात या वळवण्याला मर्यादा घातली, ती वर्षाला सरासरी साधारण ४२ टीएमसी. तुलनेसाठी सांगतो, पुण्याला पाणी देणाऱ्या खडकवासला साखळीतल्या चारही धरणांची मिळून क्षमता २९ टीएमसीच्या आसपास आहे. कोयनेचं तर ६७.५ टीएमसी पाणी वीज करून वाशिष्ठीत सोडलं जातं. दोन्ही मिळून शंभराहून जास्त टीएमसी पाणी, ज्या खोऱ्यात सोलापूरसारखे दुष्काळी जिल्हे आहेत त्या खोऱ्यातून निघून, ज्या कोकणात आधीच धो धो पाऊस पडतो तिथे जातं. आषाढीला पंढरपुरात वारकऱ्यांना स्नानाला पाणी असावं म्हणून उजनीतून सोडावं लागतं. म्हणजे चंद्रभागेलाही पाणी ‘सुटावं’ लागतं, आणि कुंडलिकेलाही. फरक एवढाच की एकीकडे ते मोजून मापून सुटतं आणि दुसरीकडे रोज.

साहजिकच देशावरून मागणी येते की हे पाणी परत पूर्वेला द्या. वीज आता कोळशातून, सूर्यातून, वाऱ्यातून मिळते. पाणी कशातून मिळणार? शासनाने याचा अभ्यास करायला समितीही नेमली होती. पुणे आणि पिंपरी-चिंचवडचीही मुळशीच्या पाण्यावर नजर आहे. या मागणीत न्याय आहे. मुळेचं पाणी मुळेच्या खोऱ्याला मिळावं, यात चुकीचं काय?

पण मागणी करणाऱ्यांच्या तोंडी एक वाक्य हमखास असतं, ते म्हणजे ‘कोकणातून समुद्रात वाया जाणारं पाणी’. इथे माझा दुसरा वाद आहे. एका बाजूला जाहिरात म्हणते, ही रानटी नदी आहे. दुसऱ्या बाजूला भाषण म्हणतं, हे वाया जाणारं पाणी आहे. दोघांनाही कुंडलिकेचं खोरं दिसत नाही.

शंभर वर्षं म्हणजे चार पिढ्या. या चार पिढ्यांत कुंडलिका खोऱ्याने मुळेच्या पाण्याभोवती आपलं आयुष्य बेतलं आहे. डोलवहालच्या बंधाऱ्यातून डावा आणि उजवा कालवा निघाला, रोहा-माणगावकडच्या शेतांना उन्हाळी भात मिळाला. रोह्याजवळ धाटावची औद्योगिक वसाहत उभी राहिली ती बारमाही पाण्याच्या भरवशावर. गावोगावच्या नळयोजना याच नदीवर. खाली रेवदंड्याच्या खाडीत गोडं आणि खारं पाणी कुठे मिळतं ती रेघ या सोडलेल्या पाण्याने ठरते, आणि खाडीतली मासळी, तिवरं, कालवं सगळी त्या रेघेवर जगतात. हे पाणी ‘वाया’ गेलं म्हणणं म्हणजे या सगळ्यांना वजा करणं. १९२१ मध्ये मुळशीच्या शेतकऱ्यांना मुंबईच्या विजेपुढे जसं वजा केलं होतं, अगदी तसंच.

माझं म्हणणं पाणी पूर्वेला देऊ नका असं नाही. ते देण्याचा निर्णय घेताना मुळशीचीच चूक पुन्हा करू नका, असं आहे. तेव्हाही सार्वजनिक हित होतं, आताही आहे. तेव्हाही एक खोरं दुसऱ्यासाठी बळी दिलं आणि त्याला विचारलं नाही. ज्या दिवशी भिऱ्याचं पाणी कमी होईल, त्या दिवशी सगळ्यात आधी राफ्टिंगवाली पोरं बेकार होतील, मग कालव्याच्या शेवटच्या टोकाचे शेतकरी, मग खाडीतले कोळी. यांपैकी कुणालाही आज त्या चर्चेच्या टेबलावर खुर्ची नाही. आणि खुर्ची मागायची तर आधी स्वतःची नदी नेमकी काय आहे हे माहीत हवं. ‘अल्लड नदी’च्या नावाने कुणी खुर्ची देत नाही.

मुंबईचा युक्तिवाद

वीजवाल्यांचं म्हणणंही ऐकायला हवं. जलविद्युत काही मिनिटांत सुरू होते, कोळशाच्या केंद्राला तास लागतात. १२ ऑक्टोबर २०२० ला मुंबई अंधारात गेली, लोकल थांबल्या, तेव्हा शहर पुन्हा उभं करण्यात खोपोली, भिवपुरी, भिरा या जुन्या जलविद्युत केंद्रांची मोठी मदत झाली. सूर्य मावळल्यावर लागणारी वीज साठवायची तर पाणी वर उपसून ठेवणं हाच आजचा मोठा मार्ग मानला जातो. शिरवता आणि भिवपुरी इथे मिळून २८०० मेगावॉटच्या अशा प्रकल्पांचा करार राज्य शासनाने २०२३ मध्ये टाटा पॉवरशी केला. म्हणजे सह्याद्रीचा कडा ही येत्या काळात आणखी मोठी बॅटरी होणार आहे.

हा युक्तिवाद खोटा नाही. पण त्यातून एक गोष्ट आपोआप सिद्ध होते. पाणी वर उपसायला लागलात की नदीला खाली वाहण्याची सक्ती उरत नाही. तेच पाणी वर-खाली फिरवून वीज साठवता येते. मग खाली किती सोडायचं हा निसर्गाचा नव्हे, निव्वळ निर्णयाचा भाग होतो. आणि निर्णय असेल तर तो कुणी, कुणासमोर, कुठल्या कागदावर घेतला हे विचारण्याचा अधिकार नदीकाठच्या प्रत्येकाला आहे. ‘तांत्रिक बाब आहे’ हे उत्तर मुळशीच्या वेळीही दिलं गेलं असणार. तांत्रिक बाबींनीच गावं बुडतात.

सुटलेल्या पाण्याखालची नदी

शेवटी खुद्द कुंडलिकेबद्दल. या सगळ्या भांडणात तिचं स्वतःचं काही आहे की नाही?

नदीला रोज काही तासांत पूर येणं आणि काही तासांत ओहोटी लागणं हे निसर्गात होत नाही. पावसाळी नदी वर्षातून एकदा भरते, एकदा आटते, आणि तिच्यातले मासे, खेकडे, काठची झाडं त्या वार्षिक लयीला बांधलेली असतात. रोज भरती-ओहोटी खाडीला असते, डोंगरातल्या नदीला नाही. पाणी झपकन ओसरलं की मासे डबक्यांत अडकतात, अंडी उघडी पडतात, काठ खचतात. कपडे धुणाऱ्या बाईला, म्हशी पाण्यावर घालणाऱ्या पोराला वर कुठलं जनित्र सुरू झालं हे कळण्याचा मार्ग भोंग्याशिवाय नाही. पर्यटकांसाठी पाणी सुटण्याची वेळ राफ्टवाल्यांना फोनवर कळते. काठच्या गावांना ती कोण कळवतं?

रोह्यापुढची गोष्ट तर पर्यटकांच्या नजरेला पडतच नाही, कारण बस त्याआधीच महामार्गाला लागते. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या प्रदूषित नदीपट्ट्यांच्या यादीत कुंडलिकेचं नाव आलेलं आहे. वरच्या टप्प्यात शुभ्र फेस बघायला आपण पैसे देतो. खालच्या टप्प्यातल्या फेसाबद्दल बोलायला कुणी तयार नसतं. आणि इथेही वरच्या पाण्याचाच हिशेब आहे. आज सोडलेल्या पाण्यामुळे घाण निदान पातळ होते. उद्या तेच पाणी पूर्वेला गेलं आणि कारखाने तसेच राहिले, तर रोह्याखाली काय वाहील याची कल्पना करायला भूगोलाचा शिक्षक लागत नाही.

साहसी पर्यटनासाठी राज्याने २०२१ मध्ये धोरण आणलं. नोंदणी, प्रशिक्षित माणसं, सुरक्षेची साधनं यांवर त्यात भर आहे आणि तो हवाच. पण राफ्टमधल्या माणसाची सुरक्षा आणि राफ्टखालच्या नदीची सुरक्षा या वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलीचा विमा उतरवता येतो.

मग करायचं काय?

माझ्या मागण्या फार मोठ्या नाहीत. एक, राफ्टिंग जिथे सुरू होतं तिथे पाण्याचा खरा प्रवास सांगणारा मराठी फलक. मुळशी, भिरा, रवाळजे, कुंडलिका. १९२१ चा उल्लेख त्यात असावा. दोन, पाणी सोडण्याचं वेळापत्रक रोज काठच्या प्रत्येक ग्रामपंचायतीला मिळावं, नुसतं व्यावसायिकांना नाही. तीन, वीज असो वा नसो, नदीत किमान किती पाणी कायम राहील हे ठरवून जाहीर करावं. चार, भीमा खोऱ्याला पाणी परत देण्याबाबत जी काही समिती, बैठक, सुनावणी होईल, तिच्यात मुळशीच्या विस्थापितांचे आणि कुंडलिका खोऱ्याचे प्रतिनिधी असावेत. एकाच्या वजाबाकीतून दुसऱ्याची बेरीज करण्याचा जुना धंदा बंद व्हावा.

यातल्या पहिल्या मागणीला काहीच खर्च नाही, म्हणून तिच्यापासून सुरुवात करावी असं मला वाटतं. राफ्टवरच्या पोरांनी मनावर घेतलं तर उद्याही होईल. सुरक्षेच्या सूचना देताना ते दहा मिनिटं बोलतातच. वल्हं कसं धरायचं, पडलात तर पाय पुढे कसे करायचे. त्यात दोन मिनिटं मुळशीला द्यावीत.

परतायच्या आधी मी त्या पोराला विचारलं होतं, हे पाणी येतं कुठून माहीत आहे का? तो हसून म्हणाला, “वरशी येतं ना, टाटाच्या धरनातशी.” मग जरा थांबून, “माझा आजा सांगायचा, ह्या पान्याखाली गावं हायत.” त्याला माहीत होतं. जाहिरात लिहिणाऱ्याला माहीत नव्हतं, आणि इतकी वर्षं भूगोल शिकवून मलाही नव्हतं.